मध्यंतराआधीची शेळी

रविवारचं जेवण आटोपून देगावकर आडवे होतात. कवळी फडताळावरच्या वाटीत, छातीवर उपडं पुस्तक, पुस्तकावर चष्मा, आणि पुस्तकात खूण म्हणून वृंदानं सकाळी आणून दिलेलं पिवळं तिकीट. डोक्यावर पंखा फिरतो आहे. हा पंखा फिरता फिरता मधूनच खाकरतो. दुरुस्तीवाला म्हणतो, काही नाही, चालू द्या. देगावकर चालू देतात. सारी हयात विमा कंपनीच्या गुंतवणूक विभागात काढलेल्या माणसाला किरकोळ आवाजांची सवय असते. ताळा जुळतोय ना, मग खाकरेना का.

झोपायचं मात्र त्यांना नाही. संध्याकाळी सिनेमाला जायचं की नाही, ते ठरवायचं आहे.

वृंदा म्हणजे त्यांची मुलगी. शेजारच्याच इमारतीत राहते. सकाळी ती आली ती दारातूनच सांगत आली. "बाबा, नावाड्याचा सिनेमा लावतायत. फिल्म सोसायटीवाल्यांना जुनी प्रत मिळालीय, अख्खी. दोन तिकिटं घेतली. आईची ती शेळी बघूनच टाकू एकदा."

"तू हो पुढे," देगावकर म्हणाले. "मी मध्यंतराला येतो."

"मध्यंतराला? का?"

"जेवल्यावर पडायचं असतं मला."

"सिनेमा साडेपाचला आहे, बाबा."

देगावकरांनी पुस्तक समोर ओढलं. वृंदानं तिकीट पुस्तकावर ठेवलं, पाचला येते म्हणाली आणि गेली.

मध्यंतराला येतो, हे ते उगाच म्हणाले नव्हते. त्यांचं सिनेमा बघणं तसंच झालेलं. तेव्हा घर सोलापुरात वसुंधरा टॉकीजच्या समोर होतं. देगावकरांच्या आईचं डावं अंग गेलेलं, ती अंथरुणाला खिळलेली, आणि घरच्या दोघांशिवाय कोणाच्या हातचं पाणीसुद्धा ती घेत नसे. नवराबायकोनं मिळून कुठे जाणं बंदच झालं. यावर तोड कुमुदनं, म्हणजे देगावकरांच्या बायकोनं, काढली. तिकीट एकच काढायचं. मध्यंतरापर्यंत ती बघणार, मध्यंतरानंतर हे. फाटकावरच्या रेवण्णाला तिनं काय पटवलं होतं कोण जाणे, पण अर्ध्या तिकिटावर बाई बाहेर आणि बुवा आत, हे तो बघून न बघितल्यासारखं करायचा. मध्यंतराची घंटा झाली की शेजारच्या हिरेमठ वहिनी तेवढ्यापुरत्या आईच्या खोलीच्या दारात येऊन थांबायच्या. देगावकर रस्ता ओलांडायचे. टॉकीजच्या आवारातल्या चिंचेखाली कुमुद त्यांना पहिला भाग एका दमात सांगायची. पुन्हा घंटा झाली की ते आत, ती घरी. उरलेला भाग देगावकर जेवताना सांगायचे.

असे बरेच सिनेमे झाले. आता देगावकर ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिकात आठवणी लिहितात. थोडं आयुष्याबद्दल, थोडं सिनेमाबद्दल. कोणी वाचत असेल का याची त्यांना शंकाच आहे. संपादकांनी सदराला 'मी पाहिलेले सिनेमे' असं नाव दिलं, तेव्हा त्यांना चैन पडेना. शेवटी चाचरत त्यांनी विचारलं, 'मी अर्धे पाहिलेले सिनेमे' असं करता येईल का? संपादक मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला.

आणि नावाड्याच्या सिनेमात एक शेळी होती. म्हणजे कुमुदच्या भागात होती. लंगडी, पांढरी, नावाड्याच्या बायकोनं पाळलेली. होडी सुटली की ही काठावरून उडी मारून होडीच्या टोकाशी जाऊन बसायची आणि उतारूंच्या धोतरांची टोकं खायची. सगळं गाव हैराण. कुमुदनं हे चिंचेखाली इतकं रंगवून सांगितलं की पाठीमागे उभा असलेला पानवालाही हसला. मग देगावकर आत गेले. त्यांच्या भागात पूर आला, बायको नावाड्याला सोडून पैलतीराला निघून गेली, पाणी ओसरलं, सिनेमा संपला. शेळी कुठेच नव्हती. पुरात वाहून गेली म्हणावं, तर तसं कोणी म्हणालंही नाही. त्यांनी घरी येऊन विचारलं. कुमुद भाकरी थापता थापता म्हणाली, "मध्यंतरात गेली असेल चरायला."

कुमुद होती तोवर ही घरातली एक गंमत होती. ती गेली, आणि देगावकरांच्या मनात शेळीचं वजन वाढलं. पडद्यावर शेळी नसेल तर ती कुमुदनं रचलेली. एक रचली असेल तर आणखी काय काय रचलं असेल? आणि तेही एक वेळ चालेल. त्यांना खरी भीती वेगळीच आहे. त्या सगळ्या सिनेमांचे पहिले भाग त्यांच्याकडे फक्त तिच्या आवाजात आहेत. आज खरा पहिला भाग डोळ्यांत शिरला की चिंचेखालचा तो धापा टाकणारा आवाज पुसला जाणार. पाहिलेलं हे ऐकलेल्याच्या उरावर बसतं, त्याला इलाज नाही. तिचा तेवढाच आवाज त्यांच्यापाशी उरला आहे. फोटोतली कुमुद बोलत नाही.

पंखा खाकरतो. मग खाकरणं थांबवून नुसताच चरचर करत राहतो, यंत्रातून रीळ जाताना होते तशी. देगावकरांना तहान लागते.

ते उठून स्वयंपाकघरात जातात. माठाच्या जागी भिंतीत एक अर्धगोल खिडकी आहे आणि आत पिवळा दिवा. ही इथे कधी बसवली, असं त्यांच्या मनात येतं. पण बसवताना कोणीतरी विचारलं असेल आणि आपण मान हलवली असेल. नेहमी तसंच होतं. खिडकीपुढे रांग नाही. आत कुमुद बसली आहे.

तिनं मातकट इरकल नेसली आहे. कुंकू जरासं कलतं आहे, ते कायमच असायचं. ती आता नाही, हे देगावकरांना माहीत आहे. तिलाही माहीत असणार. त्यावर बोलावंसं दोघांनाही वाटत नाही.

"किती देऊ?" ती विचारते.

"एक."

"आज दोन घ्या."

"मग आईजवळ कोण?"

"ते बघू. घ्या आधी."

ती खिडकीतून तिकीट पुढे करते. तिच्या बोटांना पीठ लागलेलं आहे. तिकीट पिवळं आहे आणि एकच आहे, पण देगावकर ते दाखवून देत नाहीत. कुमुद ओट्याला वळसा घालून बाहेर येते आणि त्यांच्या पुढे चालू लागते. गॅलरीच्या दारात रेवण्णा उभा आहे, काखेत तीच लांब टॉर्च.

"काय की ओ सर, आज जोडीनं?" रेवण्णा म्हणतो. "मग म्हातारीजवळ कोण?"

"बघू म्हणतेय ही."

"वैनी म्हणाल्या म्हणजे बघतील की. जावा आत."

तो तिकीट फाडतो, अर्धं स्वतःच्या खिशात टाकतो, अर्धं देगावकरांच्या हातात देतो. अर्धं हातात आलं, पण आकारानं ते पूर्ण तिकिटाएवढंच आहे.

आत गुंतवणूक विभाग आहे. लांबच लांब हॉल, हिरव्या रेक्झिनची टेबलं, प्रत्येक टेबलाशी एकेक पाठ. सगळ्या पाठी एकाच दिशेला तोंड करून बसल्या आहेत आणि कोणी मागे वळत नाही. देगावकरांची खुर्ची रिकामी आहे, पाठीवर टॉवेल घातलेली. कुमुद त्या खुर्चीत बसते, हात टेकवून बघते, जरा डोलून बघते.

"इथे बसायचात होय?"

"तू कधी आली नाहीस."

"बोलावलंत कधी?"

देगावकर विचार करतात. "नाही बोलावलं."

"मीटिंगमध्ये बोलायचात का तुम्ही?"

"विचारलं तर."

"विचारायचे?"

"फारसं नाही."

"मग आता मी विचारते. नावाड्याचा सिनेमा सांगा. तुमचा भाग."

देगावकर उभे राहतात. हात मागे बांधतात. घसा साफ करतात. एकदोन पाठी जराशा ताठ झाल्यासारख्या वाटतात.

"पूर येतो," ते म्हणतात. "होडीला भोक पडतं. बायको दुसऱ्या होडीनं पैलतीराला जाते. पाणी ओसरतं. नावाडी होडीला डांबर लावतो. संपतो."

"झालं?"

"झालं."

"अहो, हा सिनेमा की तुमचा वार्षिक अहवाल?" कुमुद म्हणते. "मी जन्मभर अर्धेच सिनेमे पाहिले, आणि उरलेले अर्धे मला असे वाढलेत तुम्ही. ना मीठ, ना फोडणी. हिरेमठ वहिनींना सांगायचे तेव्हा शेवट मला स्वतःच करावा लागायचा."

"झालं तेवढंच सांगायचो मी."

"तेवढंच कसं झालं असेल? जाताना त्या बाईनं मागं वळून पाहिलं की नाही? तेव्हाही विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, लक्ष नव्हतं. कुठे होतं लक्ष?"

देगावकर टेबलावरचा पेपरवेट सरळ करतात. तो गोल आहे, त्याला सरळ-तिरपं काही नाही.

"शेळी शोधत होतो," ते म्हणतात.

"शेवटपर्यंत?"

"तू सांगितलं होतंस ना. म्हटलं, कुठेतरी असेलच. झाडामागं, घाटावर, होडीच्या आडोशाला. पडद्याचे चारी कोपरे बघत होतो. ती बाई मधोमध होती."

कुमुद पदर तोंडाला लावते. तिचे खांदे हलतात. जवळची एक पाठही हलते, पण वळत नाही.

"म्हणजे माझ्या शेळीनं तुमचा शेवट खाल्ला," ती म्हणते.

"होती का ती?" देगावकर विचारतात. विचारल्यावर आपण विचारलं हे त्यांच्या लक्षात येतं. "पडद्यावर. खरंच होती?"

घंटा होते. दिवे मंद होतात. टेबलं आता खुर्च्यांच्या रांगा आहेत आणि पाठी प्रेक्षकांच्या. मधल्या रांगेत खुर्च्या काढून तिथे आईचा पलंग ठेवला आहे, मच्छरदाणीसकट. आई उशीला टेकून ताठ बसली आहे. मांडीवर वाटी, वाटीत दूध-भाकरीचा काला. ती डाव्या हातानं खाते आहे. डाव्या हाताची तिची बोटं देगावकर कितीतरी वर्षांनी हलताना पाहतात.

"आई, बरी आहेस?"

"गप रे नरहरी," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणते. "शेळी यायचीय आता."

पडद्यावर नुसता पांढरा उजेड आहे. पलंगाखाली काहीतरी रवंथ करतं आहे.

कुमुद पलंगाच्या कडेला टेकते आणि मच्छरदाणीची सैल झालेली कड गादीखाली खोचते. तिचं ते खोचणं देगावकरांना ओळखीचं आहे. एक हात मारून, मग वरून दाबून.

"तुम्ही आत गेलात की मी घरी येऊन आईंना सांगायची," ती हळू आवाजात म्हणते. "पहिला भागच. दुसरा माझ्याकडे कुठला? नुसत्या नावाड्याला त्या काय करतील? जेवायच्या नाहीत. शेळी आली की हसायला तोंड उघडायच्या. तेवढ्यात घास द्यायचा. घरी गेल्यावर काय सांगायचं, ते मी चिंचेखालीच जुळवत असायची, तुमच्यापुढे."

"म्हणजे नव्हती."

"असं कुठे म्हणाले मी? आईंच्या माहेरी शेळी होती, हे खरं. पडद्यावर होती की नव्हती, ते आता मलाच आठवत नाही. इतक्यांदा सांगितली की दिसायलाच लागली. म्हणून म्हणते, बघून या."

देगावकर पलंगाच्या पायाशी उभे आहेत. बसायला जागा आहे, पण बसावं की नाही हे त्यांना कळत नाही.

"बघितलं तर तुझा आवाज जाईल," ते म्हणतात.

हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. वृंदाला नाही, मासिकात तर नाहीच. कुमुद ऐकते आणि भाजी महाग झाली असं कोणी सांगावं तशी मान डोलावते.

"जाईल थोडा," ती म्हणते. "झाकून ठेवलात म्हणून राहतोय थोडाच? सिनेमा सुरू झाला की तुम्ही शेळी शोधणार, मी गेले की माझा आवाज शोधणार. सगळे कोपरे धुंडाळून झाले तुमचे. अहो, बाई मधोमध असते."

आई म्हणते, "हळू बोला गं."

पडदा मधोमध दुभंगतो आणि दोन्ही बाजूंना सरकू लागतो. आवाजावरून देगावकर ओळखतात. ही दवाखान्याच्या लिफ्टची दारं. आत पांढरा उजेड आहे आणि फिनेलचा वास. कुमुद उठते, इरकलीच्या निऱ्या झटकते. तिच्या पायांत चपला नाहीत.

"कुमुद," देगावकर म्हणतात. "तू पाहिलं होतंस का? तेव्हा. जाताना."

"मागं वळून?"

"हं."

"आडवी होते मी, मान कुठली वळते? पण दारं मिटताना दिसलात. माझ्या चपला छातीशी धरून उभे होतात. एक सरळ, एक उलटी."

हे देगावकरांना माहीत नव्हतं. चपला घरी आणल्याचं त्यांना आठवतं. त्या आपण कशा धरल्या होत्या, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? तिथे बघणारं एकच माणूस होतं.

"त्या बाईचं तेवढं नीट बघून सांगा मला," कुमुद लिफ्टकडे जाता जाता म्हणते. "आणि शेळीचंही. पण आधी बाईचं."

"कुठे सांगू?"

"जेवताना. नेहमीसारखं."

ते तिच्या मागे एक पाऊल टाकतात. तेवढ्यात पलंगाखालून शेळी बाहेर येते. पांढरी, उजव्या पायानं लंगडत. कोणाची पर्वा न करता ती सरळ देगावकरांपाशी येते आणि त्यांच्या हातातलं तिकीट तोंडात धरते. देगावकर ओढतात. शेळीही ओढते. तिचा श्वास गरम आहे आणि बोटांना लागणारे ओठ ओले, खरखरीत. "अगं सोड," देगावकर म्हणतात, "आत जायचंय मला," आणि आपण हे चांगलं मोठ्यानं म्हणालो याचं त्यांनाच नवल वाटतं. पलंगावर आई हसते आहे. तिचं तोंड उघडं आहे. घंटा वाजते, थांबते, पुन्हा वाजते.

दारावरची घंटा. मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज.

"बाबा, झोपलात होय?" वृंदा खोलीत येते आणि पडदा बाजूला करते. बाहेर अजून ऊन आहे. पंखा खाकरतो. "असू दे, पडा. मी होते पुढे. तुम्हाला मध्यंतराला आणायला रिक्षा सांगून ठेवलीय."

देगावकर उठून बसतात. पुस्तक घसरून गादीवर मिटून पडलं आहे. तिकीट पुस्तकात नाही. त्यांच्या मुठीत आहे. मूठ उघडायला जरा वेळ लागतो.

तिकिटाचा एक कोपरा गेला आहे. फाडलेला दिसत नाही. कड दातेरी, मऊ पडलेली, आणि ओली. ते पलंगावर हात फिरवतात, उशी उचलून बघतात. कोपरा कुठेच नाही. मग त्यांना वेगळीच शंका येते आणि ते तोंडात जीभ फिरवून बघतात. हिरड्या गुळगुळीत आहेत. कवळी फडताळावर, वाटीतल्या पाण्यात, जिथे ठेवली तिथेच.

"हे काय केलंत तिकिटाचं?" वृंदा ते हातात घेऊन उजेडात धरते. "कोणी चावलंय की काय?"

देगावकर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारतात, कवळी बसवतात, खुंटीवरचा सदरा घालतात. वरचं बटण आरशात बघून लावतात.

"असल्या तिकिटावर घेतील ना आत?" ते विचारतात.

"घेतील हो. पण मध्यंतराला अजून—"

"मध्यंतराला नाही. आत्ता." ते वाकून चपला घालतात, डावी डाव्या पायात, उजवी उजव्या पायात, आणि एकदा खाली बघून खात्री करून घेतात. "चल. सुरुवात चुकायला नको."

वृंदा दाराला कुलूप लावते. जिन्यात देगावकर कठड्याला धरून थांबतात.

"आणि हे बघ," ते म्हणतात. "शेळीसाठी कोपरे तू बघ. मी मधोमध बघणार आहे."